एसी लावला की इंजिन का तापते?

एप्रिल उजाडला की शहरांतील गॅरेजांमध्ये एक तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येऊ लागते. गाडी एरवी उत्तम चालते, एसी लावला की मात्र तापते. पुण्यात सिंहगड रस्त्यावरील कोंडीत, मुंबईत पश्चिम द्रुतगती महामार्गावरील सिग्नलला किंवा नागपुरात भर दुपारी वर्धा रोडवर हा अनुभव आलेले वाहनमालक त्यातून दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक, एसी बिघडला आहे. दोन, गाडी जुनी झाली, तिला आता एसी झेपत नाही. पहिल्या निष्कर्षाचे लोक एसीच्या दुकानात जाऊन गॅस भरून घेतात आणि दुसऱ्या निष्कर्षाचे काचा खाली करून घाम पुसत गाडी हाकतात. दोघांचेही मूळ दुखणे बहुतेक वेळा जागच्या जागीच राहते आणि पुढच्या लांबच्या प्रवासात, घरची वृद्ध मंडळी आणि लहान मुले गाडीत असताना, ते डोके वर काढते.

वस्तुस्थिती अशी, की चांगल्या अवस्थेतील कोणतीही मोटार एसी पूर्ण क्षमतेने सुरू ठेवून, भर उन्हात, कोंडीत उभी राहू शकते. तिची रचनाच तशी केलेली असते. एसी लावल्यावर इंजिन तापत असेल, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत कोठेतरी उणीव आधीच निर्माण झालेली असते. एसी ती उघडी पाडतो, इतकेच. ही उणीव नेमकी कोठे आहे, याचा बराचसा उलगडा मालकाला स्वतःला, हातात एकही पाना न धरता, होऊ शकतो. त्यासाठी गाडी ‘तापते’ एवढेच सांगून न थांबता ती ‘केव्हा’ तापते याकडे लक्ष द्यावे लागते.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल किंवा डिझेल जाळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग किंवा त्याहूनही कमी भाग चाकांपर्यंत पोहोचतो. तितकाच भाग धुरावाटे निघून जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटला उचलून न्यावी लागते. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण. वॉटर पंप ते इंजिनातून फिरवतो, थर्मोस्टॅट नावाची झडप ठराविक तापमानाला (बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान) उघडते आणि तापलेले कूलंट पुढील रेडिएटरमध्ये जाते. तेथे हवा ते थंड करते. गाडी धावत असताना ही हवा समोरून आपोआप मिळते. गाडी उभी असताना ती पंख्याला ओढून आणावी लागते.

आता यात एसी कोठे येतो? तर दोन ठिकाणी. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनाची साधारण दोन ते चार अश्वशक्ती खातो. धावत्या गाडीला हा भार फारसा जाणवत नाही. परंतु सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरते इंधन जाळत असते. तिच्या दृष्टीने हा भार मोठाच. म्हणूनच एसी लावताच उभ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज किंचित चढतो.

दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. एसी गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि ती टाकण्याचे ठिकाण म्हणजे कंडेन्सर ही जाळी, जी रेडिएटरच्या अगदी पुढ्यात बसवलेली असते. कडक उन्हाळ्यात ही जाळी चार-पाच किलोवॅट उष्णता हवेत सोडते. घरातील दोन गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत तितकी. म्हणजेच रेडिएटरला बाहेरची ताजी हवा मिळतच नाही. कंडेन्सरने आधीच तापवलेली हवा मिळते. डिसेंबरच्या सकाळी बाहेर २० अंश तापमान असेल, तर ९० अंशांचे कूलंट आणि हवा यांच्यात ७० अंशांचा फरक असतो. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ वर असेल आणि कंडेन्सरमुळे उभ्या गाडीतील हवा आणखी दहा-एक अंशांनी तापली असेल, तर हाच फरक ३५ अंशांवर येतो. उष्णता वाहून जाण्याचा वेग या फरकावर अवलंबून असल्याने रेडिएटरचे सामर्थ्य निम्मे झाल्यासारखे होते. ही तूट भरून काढण्याइतकी जादा क्षमता गाडीच्या रचनेत ठेवलेली असते. रेडिएटरच्या नळ्यांत गाळ साचला, पंखा मंदावला किंवा कूलंट कमी झाले, की हिवाळ्यात ते कळत नाही. ती शिल्लक संपल्याचे कळते ते एप्रिलमध्ये, एसीचे बटण दाबल्यावर.

पहिली सूचना काट्यावर नसते

तापमानाचा काटा वर चढला म्हणजे गाडी तापली, असे आपण मानतो. या काट्यावर फार विसंबणे मात्र धोक्याचे आहे. अनेक गाड्यांत हा काटा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो वा १०० वर, तो मध्यभागीच उभा राहतो. चालकाने उगाच घाबरू नये हा त्यामागील हेतू. तो मध्यावरून हलला, की समजावे गोष्ट बरीच पुढे गेली आहे. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि अति तापल्यावर लाल दिवा, एवढीच सोय.

यापेक्षा लवकर मिळणारी एक सूचना आहे आणि नेमका तिचाच अर्थ चुकीचा लावला जातो. गाडी सिग्नलला थांबली, की एसीची हवा कोमट होते आणि धावू लागली की पुन्हा गार. मागच्या आसनावरून ‘एसी वाढवा’ अशी मागणी येते, तीही याच सुमारास. याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की कंडेन्सरला पुरेशी हवा मिळत नाही. त्यामुळे एसीच्या नळ्यांतील दाब वाढतो आणि धोका टाळण्यासाठी दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. याशिवाय बऱ्याच आधुनिक गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणकही कूलंट प्रमाणाबाहेर तापल्यास एसी स्वतःहून तोडतो. दोन्ही प्रसंगी एसी निर्दोष असतो, तरी गाडी जाते एसीवाल्याकडे. तो गॅस ‘टॉप-अप’ करून देतो. नळ्यांत आवश्यकतेपेक्षा जास्त गॅस गेल्यावर दाब आणखी वाढतो, कॉम्प्रेसर इंजिनाला अधिक ओढतो आणि कंडेन्सर अधिक तापतो. पैसे खर्चून दुखणे वाढवून घेणे म्हणतात ते हेच.

उभी असताना, की धावताना?

निदानाचा गाभा या एका प्रश्नात आहे. गाडी कोंडीत, सिग्नलला, टोलनाक्यावरच्या रांगेत तापत असेल आणि ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वेग धरताच काटा खाली येत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. वेग असताना हवा फुकट मिळते, पंख्याची गरजच नसते. वेग गेला की सगळी भिस्त पंख्यावर असते. याउलट गाडी महामार्गावर वेगात किंवा घाटाच्या चढणीवर तापत असेल, तर हवेची तितकीशी वाण नसते. तेथे कूलंट कमी आहे, ते नीट फिरत नाही किंवा रेडिएटर आतून तुंबला आहे, असे समजावे. आणि एसी बंद असताना गाडी कोणत्याही परिस्थितीत तापत नाही, पण एसी लावला की उभी असतानाही तापते आणि धावतानाही, तर मग कंडेन्सर, गॅसचे प्रमाण आणि कॉम्प्रेसर यांच्याकडे वळावे.

ही विभागणी अगदी काटेकोर नाही, हे मान्य. दोन दोष एकत्र नांदू शकतात. परंतु मेकॅनिकला ‘गाडी तापते’ असे सांगणे आणि ‘सिग्नलला, एसी लावल्यावर, सात-आठ मिनिटांत तापते आणि चालू पडली की उतरते’ असे सांगणे यांत दोन हजारांच्या आणि वीस हजारांच्या बिलाइतका फरक पडू शकतो.

पंख्याची परीक्षा

ही परीक्षा सोसायटीच्या वाहनतळातही घेता येते. इंजिन थंड असताना सुरू करावे, एसी लावावा, आतील ब्लोअर पूर्ण वेगात ठेवावा आणि बॉनेट उघडून पाहावे. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा विजेचा पंखा एसीबरोबर लगेच किंवा मिनिटभरात फिरू लागतो. दोन पंखे असतील, तर दोन्हींकडे पाहावे; एकच फिरत असल्यास पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही. या वेळी ओढणी, पदर, टाय, मोबाइलची दोरी पंख्यापासून दूर ठेवावी. गाडी बंद असतानाही काही पंखे अचानक सुरू होतात, तेव्हा पात्यांत बोट घालण्याचे धाडस कधीच करू नये.

पंखा फिरत नसेल, तर तो जळालाच असे नाही. फ्यूज उडालेला असतो, रिले चिकटलेला असतो, वायरच्या जोडाला गंज चढलेला असतो. मुंबई-ठाण्याच्या दमट, खाऱ्या हवेत हा शेवटचा प्रकार वारंवार आढळतो. अनेक गाड्यांत पंख्याचे दोन वेग असतात आणि मंद वेगासाठी एक रेझिस्टर बसवलेला असतो. तो जळाला की मंद वेग नाहीसा होतो. पंखा एसी लावल्यावर हलत नाही, पण इंजिन खूप तापल्यावर एकदम जोरात सुरू होतो. गॅरेजमध्ये नेल्यावर मिस्त्री इंजिन तापवून दाखवतो, पंखा फिरतो आणि ‘पंखा ठीक आहे’ असा निर्वाळा मिळतो. मालक पुन्हा सिग्नलला अडकतो.

फिरणारा पंखासुद्धा पुरेसा असतोच असे नाही. मोटारीतील कार्बन ब्रश झिजले, की पंखा फिरतो पण दमतो. मोटार बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या, तर पंखा उलटा फिरून इंजिनाकडची गरम हवा पुढे ढकलू लागतो. कागदाचा तुकडा बंपरच्या जाळीपुढे धरून पाहावा. पंखा सुलट आणि सशक्त असेल, तर कागद जाळीकडे ओढला जाऊन चिकटून बसतो. नुसता थरथरला तर पंखा अशक्त, दूर ढकलला गेला तर उलटा.

जुन्या धाटणीच्या अनेक डिझेल जीपगाड्यांत आणि मोठ्या वाहनांत विजेच्या पंख्याऐवजी इंजिनावरच फिरणारा पंखा असतो आणि त्याच्या मधोमध सिलिकॉन तेलाचा ‘व्हिस्कस’ क्लच असतो. तापल्यावर तो आवळतो आणि पंखा जोरात फिरवतो. तेल गळून गेले की तो आवळतच नाही. इंजिन चांगले तापल्यावर गाडी बंद करून, किल्ली काढून, हाताने पंखा फिरवावा. तो जड लागायला हवा. भोवऱ्यासारखा मोकळा गरगरला, तर क्लच संपला. या गाड्यांना घाटात मोठा घरघराट करत पंखा ‘लागल्याचा’ आवाज येतो, तो दोष नव्हे. तो आवाज येईनासा झाला, तरच काळजी करावी.

या संदर्भात आपल्याकडील एका सर्रास उपायाबद्दल लिहिलेच पाहिजे. पंखा सुरू होत नसल्यास काही मिस्त्री सेन्सर, रिले या भानगडीत न पडता पंखा ‘डायरेक्ट’ करून देतात. किल्ली फिरवली की पंखा सुरू, तो अखंड. रस्त्यात अडकलेल्याला घरी पोहोचण्यापुरता हा उपाय क्षम्य आहे. कायमचा करून घेतल्यास मोटार लवकर झिजते आणि सेन्सर बिघडल्याचे कधी कळतच नाही. मग एके दिवशी अखंड फिरणारी ती मोटार जळते आणि मालकाला वाटते, पंखा तर नेहमी चालू असतो!

दोन जाळ्यांमधला कचरा

पंखा ठीक असूनही हवा जात नसेल, तर जाळ्या पाहाव्यात. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो. कचरा साचतो तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत, जेथे नजर पोहोचत नाही. पावसाळ्यातील चिखल, वाळलेली पाने, किडे, महामार्गावर उडणारी प्लॅस्टिकची पिशवी यांचा तेथे नमद्यासारखा थर तयार होतो. तो काढण्यासाठी बंपर सैल करून, रेडिएटर किंचित मागे घेऊन, साध्या पाण्याचा हलका झोत इंजिनाच्या बाजूने पुढे मारावा लागतो. सर्व्हिसिंग सेंटरवरील जोरदार फवाऱ्याने जाळीची नाजूक पाती दुमडतात आणि हवेचा उरलासुरला मार्गही बंद होतो.

अपघातानंतर बंपर बदललेल्या गाड्यांत वेगळाच घोटाळा असतो. रेडिएटरच्या कडेने बसवलेल्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या दुरुस्तीत हरवतात आणि त्या परत लावण्याची तसदी कोणी घेत नाही. मग हवा जाळीतून जाण्याऐवजी बाजूने निसटते किंवा इंजिनाजवळची गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते. पुढच्या जाळीवर मोठाले दिवे आणि सजावटीच्या फळ्या लावण्याची हौसही याच सदरात मोडते.

पाणी, कूलंट आणि दुर्लक्षित झाकण

मुंबईत पाणी कधी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. गोठणे टाळणे हे ग्लायकॉलचे एक काम आहे. आपल्या हवेत त्याची दोन वेगळी कामे महत्त्वाची. साधे पाणी १०० अंशांना उकळते, तर निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण सुमारे १०७ अंशांना. शिवाय कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमचे इंजिन आतून कुरतडले जाऊ देत नाहीत. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्या कापून पाहिल्या, तर आत घरातील गीझरच्या कॉइलवर असतो तसाच पांढरा थर आढळतो. बाहेरून झगझगीत आणि आतून तुंबलेला असा हा रेडिएटर असतो. एसी नसताना तो कसाबसा काम भागवतो. कूलंटमध्ये मिसळायचे पाणी डिस्टिल्ड किंवा खनिजमुक्तच हवे, आणि रंग जुळला म्हणून दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत. रंगाला ठराविक असा अर्थ नसतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेतील प्रकार पाहावा. (कूलंट गोडसर आणि विषारी असते. वाहनतळात सांडलेले लगेच धुऊन टाकावे. सोसायटीतील मांजरे आणि कुत्री ते चाटतात.)

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते नुसते झाकण नाही, ती दाबाची झडप आहे. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. हा दाब टिकून राहिला, तर तेच मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक होऊन दाब निसटू लागला, की उकळबिंदू खाली येतो आणि एरवी सहन झाली असती अशी उष्णता कूलंट बाहेर फेकते. गाडी थंड झाल्यावर वरचा रबरी पाइप चपटा झालेला दिसणे किंवा बाजूच्या बाटलीत गेलेले कूलंट परत रेडिएटरमध्ये न ओढले जाणे, ही झाकण बिघडल्याची लक्षणे होत. काही शे रुपयांची ही वस्तू बदलून पाहण्याआधी रेडिएटर बदलण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर थोडे थांबावे.

मुंबई-पुण्यातील सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी एक विशेष सूचना. टाकीतील उच्च दाबाचा वायू कमी दाबावर आणणारा रिड्युसर गोठू नये म्हणून अनेक गाड्यांत त्याला गरम कूलंटची नळी जोडलेली असते. बाहेरून किट बसवताना केलेले हे जोड गळतात किंवा त्यांत हवा अडकून राहते. रिड्युसरवर दव वा बर्फ जमलेले दिसले आणि त्याच वेळी इंजिन तापत असेल, तर कूलंट तेथवर पोहोचत नाही असे समजावे.

वेगात तापणारी गाडी

येथे पंखा निर्दोष मानून कूलंटच्या फिरण्याकडे पाहावे लागते. थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, वॉटर पंपाची पाती गंजून झिजली असतील, किंवा रेडिएटरचा खालचा पाइप जुना होऊन इंजिनाचा वेग वाढताच पंपाच्या ओढीने आत चिमटत असेल, तर हा प्रकार घडतो. शेवटचा दोष उभ्या गाडीत सापडत नाही. कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबावा आणि दुसऱ्याने खालच्या पाइपकडे पाहावे, तेव्हाच तो दिसतो. ज्या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात, तेथे एसी लावताच ‘चीं’ असा आवाज येतो का, तेही ऐकावे. पट्टा घसरत असेल तर एसी सुरू झाल्याक्षणी पंपच मंदावतो.

चालकाच्या आसनावरून करता येण्याजोगी एक चाचणी फार बोलकी आहे. काटा वर असताना हीटर पूर्ण लावून पाहावा. इंजिन तापलेले असूनही हीटरमधून थंड हवा आली, तर कूलंट कमी आहे किंवा फिरत नाही. अशा वेळी गाडी पुढे नेऊ नये. कूलंट पूर्ण गेल्यास तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. ‘काटा आपोआप उतरला’ म्हणून निर्धास्त झालेल्यांची इंजिने अशीच जातात.

थर्मोस्टॅटविषयीही एक गैरसमज रूढ आहे. आपल्या उष्ण हवेत त्याची गरज नाही, असे म्हणून तो काढून टाकला जातो. त्यामुळे इंजिन योग्य तापमानापर्यंत पोहोचायला वेळ घेते, इंधन जास्त जळते आणि काही इंजिनांमध्ये तर कूलंट रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरत राहिल्याने ते अधिकच तापते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा. काढून फेकू नये.

एसीचा स्वतःचा दोष

वरील सर्व तपासून झाल्यावरच एसीकडे वळावे. प्रत्येक गाडीत किती गॅस भरायचा हे ग्रॅममध्ये ठरलेले असते आणि तो आकडा बॉनेटखालील स्टिकरवर छापलेला असतो. छोट्या गाड्यांत तो बहुधा अर्ध्या किलोच्या आगेमागे असतो. इतक्या लहान प्रमाणात शंभर ग्रॅमची चूक पुष्कळ होते. म्हणून आधीचा गॅस पूर्ण काढून, नळ्या निर्वात करून, वजन करून नवा भरणारे दुकान निवडावे. नुसता मीटर पाहून ‘थोडा मारून देतो’ म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. कॉम्प्रेसर आतून जड झाला असेल, तर एसी लावताच इंजिन दचकते, आवाज करते, कधी बंदही पडते. हे लक्षण ओळखणे कठीण नाही.

घाटात प्रसंग आला तर

खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर वर चढतो. सलग सुट्यांना बोरघाटात, कसाऱ्यात किंवा साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकीत जी रांग लागते, तीत चढण, उन्हाळा, कोंडी आणि एसी हे चारही एकत्र येतात. बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्यांचे दृश्य त्यामुळेच तेथे नवे नाही.

काटा चढू लागल्यास एसी बंद करावा, काचा उघडाव्यात आणि हीटर पूर्ण लावावा. उन्हाळ्यात हे क्लेशकारक आहे, पण हीटर म्हणजे इंजिनाला मिळालेला दुसरा छोटा रेडिएटरच असतो. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर वळण टाळून सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. किल्ली ‘ऑन’ ठेवल्यास काही गाड्यांत पंखा फिरत राहतो, त्याचा लाभ घ्यावा. प्रवाशांना रस्त्याकडेच्या कठड्याबाहेर सुरक्षित ठिकाणी, सावलीत उभे करावे. द्रुतगती मार्गावर गाडीमागे घोळका करून उभे राहणे इंजिन जळण्यापेक्षा किती तरी अधिक धोक्याचे आहे. चाकामागे लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाकावा, हेही सांगावे लागते, कारण तो बहुधा उचलला जात नाही.

आणि झाकण. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताच दाबाखाली न उकळलेले कूलंट क्षणात वाफ होऊन उसळते आणि चेहरा, मान, हात भाजतात. घाईने, फडके धरून ते फिरवणाऱ्यांचा हात वाचतो, चेहरा वाचत नाही. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा पाइप हाताला सोसेल इतका थंड आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकण सैल करावे. तापलेल्या इंजिनावर बाटलीभर थंड पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमच्या हेडला तडा जातो.

गाडी एकदा जोरात तापली असेल, तर नंतर काही दिवस तिच्यावर लक्ष ठेवावे. कूलंट गळल्याचे डाग नसताना ते कमी होत राहणे, इंजिन सुरू असताना बाटलीत बुडबुडे येणे, धुरातून पांढरी गोडसर वासाची वाफ निघणे आणि ऑइलला दुधाळ चहाचा रंग येणे ही हेड गॅस्केट गेल्याची चिन्हे होत. संशय असल्यास हेड उघडण्यापूर्वी कूलंटमध्ये धूर मिसळतो का, हे तपासणारी रसायनाची चाचणी करून मागावी. त्यातील निळा द्रव पिवळा झाला, तर गॅस्केट फुटले. नेहमीच्या मोटार विम्यात असा यांत्रिक बिघाड भरून मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. पंख्याच्या एका रिलेकडे दुर्लक्ष केल्याचे हे बिल मालकालाच चुकवावे लागते.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याची घाई करू नये. भर दुपारी, गॅरेजच्या दारातच, एसी पूर्ण लावून वीस मिनिटे इंजिन चालू ठेवण्यास सांगावे. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखालील जोडणीला छोटे स्कॅनर लावले, की कूलंटचे नेमके तापमान अंशांत दिसते. मेकॅनिककडे ते असतेच. आकडा नव्वदीच्या घरात चढ-उतार करत राहिला, पंखा आपला आपण वेग बदलत राहिला आणि आतील हवा शेवटपर्यंत गार आली, तर बिल चुकते करावे.